मैयाला सोडलेलं दूध

लतिकाच्या अन्ननलिकेतला कॅन्सर डॉक्टरांनी कापून काढला, जठर वर ओढून गळ्याशी जोडलं आणि उरलेली बाई विष्णू धोटेच्या हवाली केली. आता हिला खायला घाला, एवढंच त्यांचं सांगणं होतं. विष्णूला वाटलं, एवढंच ना! माणूस जन्मभर जबलपूरच्या फॅक्टरीत खराद मशीनवर लोखंड सोलत आलेला. लोखंडापुढे ज्यानं हार मानली नाही तो फुलक्यापुढे काय मानणार? निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. जबलपुरातल्याच महाराजपूरच्या घरात त्यानं बायकोला हात धरून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसवलं आणि स्वतः ओट्यापुढे उभा राहिला.

सुरुवातीला जे शिजलं त्याला नाव देणं अवघड आहे. वरण खाली लागायचं आणि वर कच्चं राहायचं, हे एकाच पातेल्यात कसं जमतं ते विष्णूलाच ठाऊक. लतिका खुर्चीवरून बसल्या आवाजात म्हणायची, "अहो, गॅस कमी करा ना जी. भट्टी आहे काय ते?" पण गडी शिकला. आहार सांगणाऱ्या मॅडमनी दवाखान्यात बजावलं होतं, "भाभीजी, अब खाना ही आपकी दवाई है." एकदम पोटभर नाही, थोडं थोडं, पण दिवसभर. डाळ, दूध, दही, पनीर. जेवण झाल्याबरोबर आडवं व्हायचं नाही. रोज चालायचं. शिवाय तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास आत ओढून त्या गोळ्या वर उचलायच्या, म्हणजे फुप्फुसं उघडतात. लतिका ओढायची तेव्हा पहिली गोळी जागच्या जागी थरथरायची आणि समोर बसलेला विष्णू तिच्याहून मोठा श्वास ओढून बसायचा. "तुमची फुप्फुसं उघडली बाप्पा," ती म्हणायची.

चालण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. भिंतीला धरून सुरू झालेलं चालणं पावसाळ्याच्या आत अधारतालच्या मेन रोडवरच्या दुकानांपर्यंत पोचलं. डोक्यावर कीमोनंतर नुकते उगवलेले केस, त्यावर पदर, आणि साडीखाली बूट. कॉलनीतल्या बायका आधी हसल्या, मग त्यातल्या दोघी-तिघी तिच्याबरोबर निघू लागल्या. चालता चालता भीती जरा मागं राहते, असं लतिका सांगायची. भीती होतीच. दर काही महिन्यांनी तपासणी यायची, आणि त्याआधी आठवडाभर त्या घरात भांडंही जपून ठेवलं जायचं.

तपासणी साफ यायची. वजन मात्र दर खेपेला उतरलेलं. विष्णूच्या डोक्याला हे काही केल्या उमजेना. मी रांधतो, ती चालते, श्वास ओढते, औषध चुकवत नाही, मग मांस जातं कुठं? पहिल्यांदा तिनं आंबा नको म्हटलं होतं. लंगडा आणून पाण्यात भिजत घातला, तर म्हणे आंबट ढेकरा येतात. बरं, नसेल सोसत. पुढच्या खेपेनंतर तिनं गोड बंद केलं. शिरा नाही, लापशी नाही, चहातही साखर नाही. तेही विष्णूनं मानलं, कारण गोडावर कॅन्सर पोसतो असं फोनवर कोणीकोणी पाठवत असायचं. डॉक्टरनं त्याला तसं काही नाही म्हणून सांगितलं होतं, तरी माणूस घाबरलेला असला की डॉक्टरापेक्षा फोनवर जास्त विश्वास ठेवतो. मग तिनं दूध बंद केलं. दुधावरची साय बोटानं काढून खाणारी ही बाई म्हणाली की दूध पचत नाही.

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी आलेल्या तिसऱ्या तपासणीला डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि विष्णूकडे पाहिलं. "रिपोर्ट अच्छी है, धोटेजी. शरीर अच्छा नहीं है. कल को फिर कोई इलाज देना पड़ा तो किसको देंगे?"

घरी येताना विष्णूनं बड्या फुहाऱ्याच्या बाजारात स्कूटर थांबवली, गर्दीत शिरून ताजं पनीर घेतलं, घरी येऊन मऊ भुर्जी केली आणि ताटली बायकोच्या हातात दिली. तिनं ती तशीच खाली ठेवली.

"हे नाही चालत जी मला."

"काहून नाही चालत? ती डॉक्टरीण कोकलून राहिली अन् तू नाही चालत म्हणून राहिली!"

"सोडलं मी."

"काय सोडलं?"

"दूध. दुधाचं सगळंच. ग्वारीघाटावर, मैयाला."

तीर्थावर गेलं की आवडीचा एक जिन्नस सोडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. लतिकाची आई काशीला वांगं सोडून आली होती आणि पुढे मरेपर्यंत तिनं भरल्या वांग्याकडे मान वळवून पाहिलं नाही. लतिकानं तीच रीत आपल्या भीतीला जुंपली होती. शेजारच्या शर्मिलादीदीबरोबर ऑटोत बसून जायची, नर्मदेत पावलं बुडवून उभी राहायची आणि ओंजळीतलं पाणी सोडता सोडता एक पदार्थ सोडून यायची. आंबा दिला, तपासणी साफ आली. गोड दिलं, साफ आली. तेव्हा दूध दिलं. आता एवढं पटल्यावर कोण थांबेल?

विष्णूचा संताप झाला. "सोडायचंच होतं तर कारलं सोडायचं! दोडका सोडायचा! मैया काय पनीरच दे म्हणाली?"

"नावडतं देऊन कोणाला फसवायचं?" लतिका शांतपणे म्हणाली. "केस गेले, गळा गेला, चव तर औषधानं नेली. खायची हौस तेवढी राहिली होती जी. तीच दिली."

विष्णू काही देव न मानणारा माणूस नव्हता. नर्मदेच्या पुलावरून जाताना त्याचा हात आपोआप छातीशी जायचा. बायकोला ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यानंही त्याच मैयाला हाक मारली होती. मग एके सकाळी तो एकटाच घाटावर गेला आणि एका पंड्याला त्यानं विचारलं. पंड्या म्हणाला, त्यात काय, दान करून मोकळं होता येतं, शरीरासाठी दोष नाही. विष्णू खुशीत घरी आला. लतिकानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "दिलेलं परत आणायचं? चोरी झाली ती. अन् नेमकी पुढची तपासणी बिघडली तर?" तिच्या या 'तर'पुढे पंड्याचं शास्त्र लंगडं पडलं आणि विष्णूचंही.

दरम्यान तिचा चालण्याचा पल्ला आखडत चालला. दुकानांपर्यंत जाणारी बाई कॉलनीच्या फाटकावरून परत फिरू लागली. बांगड्या कोपरापर्यंत मागं सरायच्या. आंघोळीनंतर तिची पाठ पाहिली की विष्णू नजर वळवायचा, कारण त्या पाठीवर आता मोजण्यासारखी हाडं होती.

औषधं आणायला गेला असताना त्यानं आहाराच्या मॅडमना गाठलं. बायको दूध पीत नाही, एवढंच सांगितलं. नर्मदेचं सांगितलं नाही. मॅडमना हे रोजचंच होतं. "दूध का पावडर आटे में मिला दीजिए, बेसन में मिला दीजिए. उन्हें पता भी नहीं चलेगा." बाईंच्या बोलण्यात काही खोट नव्हती, दुधाचा कंटाळा आलेल्या रोग्यांना त्या हेच सांगत. पण 'पता भी नहीं चलेगा' हे शब्द विष्णूच्या डोक्यात रुतून बसले.

त्यानं पावडरीचा डबा आणला आणि अवजारांच्या पेटीत कानशींखाली दडवला. लतिका स्नानाला गेली की कणकेच्या डब्यात मिसळायची, बेसनात मिसळायची, ज्वारीच्या पिठात मिसळायची, आणि झाकणं लावून हात धुवायचे. मग ती खुर्चीवर येऊन बसली की तिच्या डोळ्यांदेखत कणीक मळायची. पहिल्या दिवशी पाणी जास्त पडलं. तिनं फुलका मोडला, वरणात बुडवला, चावून चावून गिळला. विष्णू ओट्याला टेकून उभा. आता ती ताट भिरकावणार, असं त्याला वाटलं.

"आज फुलके मऊ झाले जी," लतिका म्हणाली.

त्या दिवसापासून घरात सुखाचा काळ आला, आणि तो विष्णूला सुखानं भोगता आला नाही. फुलक्यात दूध, झुणक्यात दूध, उकडपेंडीत दूध. दिवाळी जवळ येईतो तिच्या गालांना भर आली. बांगड्या मनगटाशी राहू लागल्या. यंत्रातली दुसरी गोळी उचलली गेली तेव्हा तिनं टाळी वाजवली. चालताना शर्मिलादीदी मागं पडू लागली. लतिका घरी येऊन घाम पुसत म्हणायची, "पाहा, मी म्हणत होती ना? मैयानं दिलं." विष्णू तेव्हा कढईत डोकं घालून उभा असायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. कधी वाटायचं, सांगून टाकावं. मग तिच्या दंडाकडे लक्ष जायचं, तिथं पुन्हा आलेला गोलवा दिसायचा, आणि तो तोंड मिटायचा. पुलावरून जाताना मनातल्या मनात म्हणायचा, मैया, हे माझ्या नावावर मांड, तिच्या नको.

नागपूरहून मुलीचा, समिधाचा, फोन आला की तो मोठ्या आवाजात सांगायचा, तुझी आई पहिलवान झाली. हे खरंच होतं आणि म्हणूनच त्याला वाटायचं की आपण केलं ते बरोबर केलं.

दिवाळीनंतरच्या तपासणीत यकृतावर गाठी दिसल्या.

डॉक्टरबाईंनी दोघांनाही सरळ सांगितलं. लतिका मान हलवत राहिली, जणू दुसऱ्या कोणाचं चाललंय. तिला बाहेर बाकावर बसवून विष्णू परत आत गेला आणि त्यानं दाराशी उभं राहूनच विचारलं, खाण्यातून काही झालं असेल का? काही वेगळं पोटात गेलं असेल तर?

"खाने का इससे कोई लेना-देना नहीं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ये पहले से कहीं छुपा था. उल्टा आपने वजन बढ़ाया, इसलिए अब हम कीमो दे पाएंगे. खिलाते रहिए."

हे वाक्य विष्णूनं घट्ट धरून ठेवलं. ऑटोत बसल्यावर ते त्यानं दोनदा बायकोला ऐकवलं. लतिका बाहेर बघत होती.

घरी आल्यावर तिनं बूट काढले नाहीत. खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "मी कुठं चुकली जी?"

"चुकायचं काय त्यात? डॉक्टर बोलली ना..."

"डॉक्टरचं समजलं मला. मी मैयाचं म्हणून राहिली." आणि ती आठवू लागली. गणपतीत कोणाच्या घरी प्रसाद घेतला होता, तो खोबऱ्याचा होता की खव्याचा? शर्मिलादीदीच्या पुतणीच्या लग्नात भाजी खाल्ली, तिच्यात मलई तर नव्हती? एकदा बिस्किट खाल्लं होतं, त्यात दूध असतं काय? एकेक घास ती उकरून काढत होती, आणि दर घासाबरोबर तिचा चेहरा बारीक होत होता. विष्णू नुसता म्हणत होता, नाही गं, नाही गं.

शेवटी तिनं पदर सावरला. जणू काही ठरलं. "भात सोडते," ती म्हणाली. "मोठं काही दिलं पाहिजे आता. उद्या सकाळी दीदीला घेऊन जाते घाटावर."

भात सोडला तर मग राहिलं काय? तिच्या त्या शिवलेल्या गळ्यातून विनासायास उतरणारं मऊ भाताइतकं दुसरं काही नव्हतं. कीमोत फुलका गिळता येत नाही हे विष्णूनं पहिल्या खेपेला पाहिलं होतं. ही बाई आता एकेक करून सगळं नदीत सोडणार आणि शेवटी स्वतःच जाणार, हे त्याला लख्ख दिसलं.

"भात सोडू नको," तो म्हणाला. "तू नाही चुकली. मी चुकलो."

तिनं वर पाहिलं.

"कणकेत दूध पावडर घालत होतो मी. बेसनात घालत होतो. तू सोडल्यावर, पावसाळ्यापासून. तुला माहीत नव्हतं, तर तुझं मोडलं कसं? माझ्या हातून मोडलं. जे काय असेल ते मला लागेल, तुला नाही. खंगून चालली होती तू, लतिका. मला पाहवत नव्हतं."

"फुलक्यात?"

"हो."

"उकडपेंडीतही?"

"हो."

ती उठली, बेसिनपाशी गेली आणि चुळा भरू लागली. भरत राहिली, थुंकत राहिली, पुन्हा भरत राहिली. जे पोटात जाऊन रक्तमांस होऊन बसलं होतं ते चुळांनी कसं निघणार? पण ती थांबेना. नळ वाहत होता आणि विष्णू मागं टॉवेल घेऊन उभा होता. शेवटी तिनं तोंड पदराला पुसलं. टॉवेल त्याच्या हातातच राहिला.

भात तिनं सोडला नाही. तेवढं विष्णूनं जिंकलं म्हणायचं. पण त्या दिवसापासून तिनं त्याच्या हातचा भात खाल्ला नाही, आणि स्वतः रांधायला उभी राहिली तर कीमोच्या पहिल्याच फेरीनंतर तिला पातेलं उचलेना. शर्मिलादीदी धावून आली. "भाभी, मैं बना देती हूँ ना." लतिकानं तिचा हात थोपटला आणि नको म्हटलं. "आप भी तो इन्हीं की सुनोगी." शर्मिलाला ते लागलं, पण तीही मनातून समजली की हे खोटं नाही.

हिंदीत शिकून वाढलेली समिधा फोनवर बापाला म्हणाली, "बाबा, आपने सही किया. आई को मैं समझाती हूँ." तिनं समजावलंही. लतिकानं लेकीचं सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर ताट दूर सारलं.

आता ती फक्त आपल्या सालीत येतं तेवढंच खाते. केळं. सालासकट उकडलेला बटाटा, तो ती स्वतः सोलते. शेंगेतले मटार. शहाळं आणलं तर ते तिच्यासमोर फोडावं लागतं. अख्ख्या सालीत कोणाला काही मिसळता येत नाही, असा तिचा हिशेब. दवाखान्यात वजनकाट्यावर उभी राहते तेव्हा डॉक्टरबाई विष्णूकडे बघतात. "धोटेजी, खिला रहे हैं ना?" तो हो म्हणतो.

परवा दुपारी त्यानं केळी आणली. त्यातलं एक तिच्या हातात दिलं. लतिकानं ते उलटसुलट केलं, देठ पाहिला, बूड पाहिलं, सालीवरून अंगठा फिरवला. कुठं चीर नव्हती. मग सोललं आणि एक बारीकसा घास तोंडात धरून बसली. हात पुन्हा काडीसारखे झाले होते. विष्णू समोर जमिनीवर बसला होता. जन्मात बायकोपुढे कधी हात न जोडलेला माणूस, त्यानं हात जोडले.

"किती दिवस राग धरशील? खा ना माझ्या हातचं. चार घास भात खा."

"तुमच्यावर राग नाही जी माझा," लतिका म्हणाली. तिच्या आवाजात खरंच राग नव्हता. "तुम्ही माझ्यासाठीच केलं, मला समजते ते."

"मग? नवं पीठ दळून आणतो. नवे डबे आणतो. तुझ्यासमोर करतो सगळं. इथं बसून पाहा तू, काय घालतो अन् काय नाही."

लतिकानं तोंडातला घास कष्टानं गिळला.

"पाहून काय होते?" ती म्हणाली. "तेव्हाही मी समोरच बसली होती."

उरलेलं केळं तिनं बशीत ठेवलं. विष्णूनं साल उचलली आणि बाहेर टाकायला गेला.